कचरा संपला, साहेब

आमच्या गावाले शाळा भेटली नाई, काऊन तं आमच्या गावात कचरा नव्हता.

हासा, हासून घ्या पोट्टेहो. वाघ माझ्या चुलीवर इस्तो मांगाले आलता अन् मी त्याले फुकणीनं हाकललं, हे सांगतलं तवा तुमी डोळे फाडून 'मंग, आजी, मंग?' करून राह्यले होते. तो वाघ खोटा होता. घ्या, आज कबूल करते. भैयाजी पाटलाचा बोकड होता तो. पण ही कचऱ्याची गोष्ट सगळी खरी हाय, अन् खरी हाय म्हणूनच सांगताना माझं आंग अजून तापते.

देश सुतंत्र होऊन आठ-नऊ वर्सं झाली होती. चंद्रपूरले तवा चांदा म्हणत, अन् गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. आमचं मोहटोला वैनगंगेच्या अल्याड, चहूकडून जंगल. मार्कंड्याहून बैलबंडीनं दीड दिवसाचा रस्ता. बत्तीस घरं कुणब्यायची अन् ढिवरायची, नाल्यापल्याड अकरा घरं गोंडांची. माझं घर नाल्याच्या काठावर, तं माझी खरी शेजारीण सोमारी, त्या अकरा घरातली. तिचा कोयता माझ्या घरी राहे, माझं सूप तिच्या घरी. कोणाचं काय हे भांडण झालं तरच आठवे.

कचरा नव्हता म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. लुगडं घ्या. दोन वर्सं मी ते नेसे. मधात फाटलं का दांड घालून अजून एक वर्स. मंग त्याची वाकळ. वाकळ इरली का लेकराचे लंगोट, लंगोट इरले का चुलीजवळचं फडकं, फडकं इरलं का पोतेरं. पोतेरं इरलं का उकिरड्यात, उकिरड्यातून धानाच्या बांधीत. माझ्या सासूचं हिरवं लुगडं आमी असंच शेवटी खाल्लं. त्या वर्षी भात जरासा हिरवा शिजला होता.

बांबू पयले छपरात, मंग कुंपणात, मंग कोंबड्यायच्या डाल्यात, मंग चुलीत. राखेनं भांडे घासू अन् ते पाणी कारल्याच्या येलाले. मडकं फुटलं तं खापरात कोंबड्यायले पाणी, खापर फुटलं तं पोट्ट्यायले खेळाले. रॉकेलचा रिकामा डबा साऱ्या गावात एक. लग्न काढलं का आधी डबा कोणाकडं हाय ते पाहत, मंग मुहूर्त.

अन् एक रीत होती. रस्त्यात पडलेली वस्तू ओलांडून जायचं नाई. ओलांडली तं घरातली लक्ष्मी रुसते. उचलायची, कपाळाले लावायची, घरी न्यायची. आज काम नसलं तं काम निघेपर्यंत आढ्याले टांगून ठेवायची. ही रीत ध्यानात ठेवा. हिनंच आमचा घात केला.

उकिरडे होते, नव्हते असं नाई. पण धान घरात आलं का पौषातच आमी सारं शेणखत बांधीत नेऊन टाकू, काऊन तं पुढं बंड्या-बैल बांबूच्या कामाले लागत. जंगलातला बांबू ठेकेदार तोडे. बंडीवर बंडी, मंग मोठ्या रस्त्यावर ट्रक, मंग कुठीतरी लांब, कागदाच्या कारखान्यात. हात आमचे, बैल आमचे. पण सोमारीनं घरच्या डाल्यासाठी दोन बांबू तोडले का जंगलाचा शिपाई तिचा कोयता हिसकून घे. 'सरकारी माल हाय' म्हणे. आमच्याकडून गेलेलं सारं फिरून आमच्याकडंच ये. हा बांबू तेवढा गेला का गेला.

नाई, एक डाव आला होता फिरून.

चामोर्शीच्या बाजारातून गूळ आणला, तो छापील कागदात बांधला होता. माझी वच्छला तवा सात-आठ वर्सांची. तिनं तो कागद चाटून साफ केला, भिंतीले शेणानं चिपकवला अन् रोज त्याच्यासमोर बसे.

"आई, इथी काय लिवलं हाय?"

मले काय माहीत! पण मले 'माहीत नाई' म्हणता येत नव्हतं, अजूनही येत नाई. मी म्हणली, "इथी लिवलं हाय का वच्छलानं पाणी भरावं."

दुसऱ्या दिवशी, "अन् इथी?"

"इथी लिवलं हाय का वच्छलानं मुकाट्यानं भात खावा."

तिसऱ्या दिवशी पोट्टी माझ्यासमोर उभी. "आई, परवा जिथी बोट ठेवलं तिथी पाणी होतं. काल तिथीच भात सांगतला तू. तुले वाचता येत नाई."

साऱ्या जन्मात माझी थाप तोंडावर पकडणारं माणूस एकच झालं, अन् ते माझ्याच पोटचं. मी हासली, पण रात्रभर काळजात खुपत राह्यलं. साऱ्या गावात एकाले वाचता येत नव्हतं. पाटलाले सही येत होती, तीही आडवी. शाळा होती चामोर्शीले. पावसाळ्यात नाले भरले का चार महिने तिकडं कुत्रंही जात नसे. मी मनात धरलं का वच्छलाले त्या कागदावर काय हाय ते समजलं पायजे. मंग ते मले सांगो का न सांगो.

अन् त्याच माघात गुणवंतराव आला.

गुणवंतराव म्हणजे नवा ग्रामसेवक. पंचविशीचा, काडीसारखा, सायकलची तब्येत त्याच्यापेक्षा चांगली. मोहाच्या झाडाखाली बसला अन् भैयाजी पाटलासमोर एक लांबलचक कागद उघडला.

"भाऊ, एक शाळा आली हाय. मोहटोल्याले नाई तं डोंगरगावले. या फारमावर ज्या गावाले जास्त गुण, त्याची शाळा."

"इचार," भैयाजी म्हणाला.

"रस्ता?"

"तू आला तोच."

"बरं. विहीर एक हाय. खत-कचऱ्याचा खड्डा?"

"कायचा खड्डा?"

"दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल. गावातला सारा कचरा त्याच्यात. अन् काठोकाठ भरलेला पायजे. याले पैकीच्या पैकी गुण हायत भाऊ, याच्यावरच सारं हाय. शिवरात्रीच्या आठ दिवसांनी साहेब स्वता पाहाले येतील."

खड्डा कराले आमाले काय! दोन दिवसात केला. असा खड्डा साऱ्या तालुक्यात नव्हता. काठ शेणानं सारवले, चारी बाजूनं रांगोळी काढली. मंग सारं गाव गोल उभं राह्यलं, अन् एकमेकांच्या तोंडाकडं पाहाले लागलं.

"टाका आता," भैयाजी म्हणाला.

कोणाजवळच काई नव्हतं. पाटलीण रुखमाबाई मोठ्या ऐटीत घरात गेली अन् सुपात कांद्याचे फोलपटं घेऊन आली. तिनं सूप उलटं केलं, तं फोलपटं खाली पडायच्या आत बकरीनं खाल्ले. आठ दिवस झाले, तरी खड्ड्याचं बूड दिसे. मोहाची पानं पडत, ती सोमारीच्या टोल्यातल्या बाया द्रोणाले घेऊन जात. म्हशीचं शेण पडे, ते पडल्या पडल्या गोवरी होये.

सोमारी खड्ड्यात डोकावून म्हणे, "काय वं शकू, तुमच्या सरकारले आमचा कचरा कायले पायजे? त्यायच्या घरी नाई का?"

"त्यायच्या घरी गंज हाय, ढिगानं. म्हणून तं ते साहेब हायत."

"मंग त्यायचाच थोडा आणू."

ती मस्करीत बोलली, पण माझ्या डोक्यात उजेड पडला. शिवरात्रीले मार्कंड्याची जत्रा. हजारो लोक येतात, खातात, पितात, टाकून जातात. मी तुमच्या बुढ्याले, माझ्या घरधन्याले, म्हणली, "बंडी जुंपा. मार्कंड्याले जाऊ."

"देवाले?"

"कचऱ्याले."

तो बिचारा बैल सोडता सोडता म्हणाला, "लोक काय म्हणतील वं?"

"लोकायले सांगू देवाले आलो. देवाले सांगू कचऱ्याले आलो. देव काई बोलत नाई."

दोन बंड्या घेऊन आमी गेलो. तुमचा बुढा, मी, सोमारी अन् तिचा भाऊ लालसू. पोचलो तं जत्रा उठून दोन दिवस झाले होते. अरे बाप्पा! असा कचरा मी जन्मात पायला नव्हता. मंदिराच्या शिखराएवढा ढीग. बरं बरं, शिखराएवढा नसंल, पण नंदीएवढा तं होताच. पत्रावळी, नारळाच्या करवंट्या, काथ्या, बांगड्यायचे तुकडे, बाटल्या, झेंडूचे हार, एका पायाचा जोडा, चेपलेले डबे. अन् कागद. चिवड्याचे कागद, पेढ्याचे कागद, साऱ्यावर कायतरी छापलेलं.

नारळवाली आशाबाई आपलं दुकान आवरून राह्यली होती. आमाले ढिगात हात घालताना पाहून म्हणाली, "काय हरवलं वं बाई?"

"काई नाई हरवलं. कचरा पायजे."

"कोणता?"

"कोणता म्हणजे?"

"हा हॉटेलवाल्यायचा, तो बांगडीवाल्यायचा, देवाच्या मांगं निर्माल्याचा. कोणता देऊ?"

"दोन बंड्या मिसळ करून द्या."

"कोणत्या गावचे तुमी?"

"मोहटोल्याचे."

"कचऱ्याचा दुष्काळ पडला का तिकडं?"

"हाव ना बाई," सोमारी म्हणाली, "यंदा पिकलाच नाई."

आशाबाई हासून हासून खाली बसली. पण मोठ्या मनाची बाई. आपल्याकडचे चार फाटके टोपले वरून टाकले. म्हणाली, "माह्याकडून आहेर."

गावात बंड्या आल्या तं सारं गाव येशीवर, जशी नवरी आली. खड्डा काठोकाठ भरला. गुणवंतराव सायकलवरून उतरला, काठी खुपसून पाहे, पुन्हा खुपसून पाहे. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. "पैकीच्या पैकी!" म्हणे. "चार दिवसांनी साहेब येतात. फक्त याले हात लावू नका."

हात लावू नका! हे आमच्या गावाले सांगणं म्हणजे माशीले गुळावर बसू नको सांगणं.

पयल्या दुपारी रुखमाबाई खड्ड्यापासून गेली. करवंटी दिसली तिले, चांगली अर्धी, गोल. ओलांडून कशी जाईल? उचलली, कपाळाले लावली, पदराखाली घेतली. मिठाले झाली. दुसरी बाई आली, तिनं काथ्या नेला, दोरी वळाले. लालसूनं एका पायाचा जोडा नेला अन् त्याच्या चामड्यानं फाटकाचं बिजागर केलं. दुसरे दिवशी म्हशीनं पत्रावळी खाल्ल्या. बाटल्या टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियाच्या, तेलाले गेल्या. चेपलेल्या डब्यायच्या तीन चिमण्या झाल्या. झेंडूच्या हारांचं बी मंगलीनं झाडून नेलं. मंगली म्हणजे सोमारीची पोट्टी, वच्छलाच्या वयाची. परतेक जण म्हणे, 'मी एकच तं नेली.' खोटं नव्हतं. परतेकानं एकच नेली होती. घरं त्रेचाळीस होती.

मी बोंब मारली. "अरे, शाळा जाईल! ठेवा परत!" मान हलवत सारे हो हो म्हणत, अन् मी पाठ फिरवली का पुन्हा कोणीतरी वाकलेलं. शेवटी मी स्वता खड्ड्यावर राखणीले बसली, तिसऱ्या दिवशी, सकाळपासून, हातात काठी घेऊन.

आता खरं सांगायचं ठरलं हाय तं हेही सांगते. बसल्या बसल्या माझा डोळा कागदांवर गेला. वच्छला सकाळपासून माझ्याजवळ होती, तीही तिकडंच पाहून राह्यली होती. भिंतीवरचा तिचा तो एक कागद उंदरानं अर्धा खाल्ला होता. मी म्हणली, कागद तं तसाही आमच्याच बांबूचा. आपलं आपण नेलं तं चोरी कशी? अन् कागदानं खड्ड्याले काय फरक पडते? एक काढला, अजून एक काढला. सांजपर्यंत साऱ्या कागदांची थप्पी वच्छलाच्या मांडीवर अन् राखणदारीण सगळ्यात मोठी चोर.

चौथ्या दिवशी साहेबाची जीप आली. खड्ड्यात आशाबाईच्या आहेरातलं एक टोपलं राह्यलं होतं, अन् त्याच्यात रुखमाबाईची कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती.

साहेब नागपूरचे, पांढरे कपडे, पेनाले सोनेरी टोपण. खड्ड्याच्या काठावर उभे राह्यले. कोंबडीनं वर पायलं, साहेबानं खाली.

"हा काय प्रकार आहे?"

"खड्डा हाय साहेब," भैयाजी म्हणाला.

"ते दिसतंय मला. कचरा कुठे आहे?"

"होता साहेब. काठोकाठ होता."

"मग?"

भैयाजीनं पागोटं काढलं, पुन्हा घातलं. "संपला."

साहेब हासले. जीपचा डायव्हर हासला. "अहो, धान्य संपलेलं ऐकलं होतं, पाणी संपलेलं ऐकलं होतं. कचरा संपला हे आज पहिल्यांदा ऐकतोय."

गुणवंतराव पुढं झाला. तो बोलला, "साहेब, लोक काई वाया जाऊ देत नाईत. गाव पाहा ना एक डाव, किती साफ हाय..."

"गुणवंतराव, फॉर्मवर 'साफ' असा रकाना आहे का? नाही. 'खड्डा भरलेला आहे काय', एवढंच आहे." मंग आमच्याकडं वळले, लेकराले समजावावं तसे. "हे पाहा मंडळी, सुधारलेला माणूस वस्तू वापरतो, टाकून देतो, नवी घेतो. त्याच्या घरात कचरा निघतो, कचऱ्याचं खत होतं. तुमच्याकडे टाकायलाच काही नाही. यालाच मागासलेपण म्हणतात. सुरुवात करायला हवी. हे असं."

अन् त्यायनं खिशातून सिगारेटचा पत्र्याचा डबा काढला, शेवटची सिगारेट ओठात धरली अन् डबा खड्ड्यात फेकला.

डबा खाली पडलाच नाई. सोमारीनं वरच्या वर झेलला. कोंबडीच्या डोक्यावरून अशी झेपावली का मी तिले तसं उडताना पुन्हा कधी पायलं नाई. डबा उलटा-सुलटा करून पाहे, झाकण लावून पाहे, उघडून पाहे. मंग मोठ्या काळजीनं म्हणाली, "साहेब, हे चुकून टाकलं का? झाकण चांगलं बसते अजून."

सारं गाव हासलं. साहेबाचे कान लाल झाले. त्यायनं पेनाचं टोपण उघडलं.

ते पेन कागदाले लागायच्या आत बोलायचं होतं. बाया साहेबासमोर बोलत नसत तवा. मी पदर डोक्यावर घेतला अन् पुढं झाली.

"साहेब, एक इचारू? तो कागद कायचा बनते?"

"कशाचा म्हणजे? बांबूचा."

"कोण्या जंगलातला?"

साहेबानं ओठातली सिगारेट पेटवली.

"आमच्या बैलायच्या खांद्याले घट्टे पडले तो बांबू वाहून. आमी जमिनीतून घेतो ते जमिनीले परत देतो, म्हशीचं घेतो ते म्हशीले देतो. तुमी बांबू नेला, काय परत देल्लं? आमी एका पोट्टीसाठी पुस्तक मांगून राह्यलो, ते बी आमच्याच बांबूचं. तं तुमी म्हणता आधी कचरा दाखवा!"

साहेबानं मले वरपासून खालपर्यंत पायलं. मंग तो फारम माझ्या नाकासमोर धरला. "बाई, फार बोलता. यावर काय लिहिलंय, वाचून दाखवा बरं."

"नाई येत वाचता," मी म्हणली. "येत असतं तं शाळा कायले मांगितली असती?"

साहेबानं जीपच्या पुढच्या पत्र्यावर कागद ठेवला, एक ओळ लिवली, टोपण लावलं अन् गेले.

शाळा डोंगरगावले भेटली. तिथी आठवड्याचा बाजार भरे, त्यायचा खड्डा दर सोमवारी आपोआप भरे अन् माशा अर्ध्या कोसावरून आयकू येत. तिथल्या लेकरायले शाळा भेटली याचा मले राग नाई. लेकरं ती लेकरंच. पण तिकडं जायचे दोन नाले, मधात अस्वलायचं जंगल. आमच्यातलं कोण सात वर्सांची पोट्टी धाडंल?

आठ दिवसांनी गुणवंतराव आला. साहेबाची बोलणी खाऊन आला होता, तोंड उतरलेलं. सायकलच्या मांगं कागदांचा गठ्ठा बांधलेला.

"शकुबाई, हा आमच्या कचेरीचा कचरा. चुकलेले फारम हायत. जाळून टाक म्हणाले." त्यानं एक उलटून दाखवला. मांगची बाजू कोरी.

त्या दिवसापासून बुधवार-शनिवार सकाळी मोहाच्या झाडाखाली तो बसे. वच्छला, मंगली अन् अजून पाच पोट्टे. एक पेन्सिल, तिचे सात तुकडे केले. वर्गाले पुस्तक एकच, गुणवंतरावाच्या लहानपणचं, ते जमिनीवर मधात ठेवत अन् सातही जण गोल बसत. मंगलीले अक्षरं आडवी दिसत. वच्छलाची जागा मास्तरासमोर, तिले उलटी दिसत. ती उलटीच शिकली. आजही तिच्यासमोर पुस्तक उलटं धरा, घडघडा वाचते. अन् हे खरं हाय, वाघासारखं नाई.

चैत, वैशाख, जेठ. आखाडात गुणवंतरावाची बदली झाली, सिरोंच्याकडं. का झाली ते कोणी सांगतलं नाई, पण कचेरीचा कचरा खेड्यात वाटला म्हणून झाली असं लोक म्हणत. शेवटच्या शनिवारी तो उरलेला गठ्ठा देऊन जाऊन राह्यला होता. वच्छला एक एक कागद कोरा पाहून वेगळा करे. एका कागदाशी तिचा हात थांबला.

"आई, याच्यावर मोहटोला लिवलं हाय."

आमच्याच फारमाची कच्ची प्रत होती. गुणवंतराव हात पुढं करून म्हणाला, "दे बेटा, तो नको." पण ती वाचाले लागली होती. एका अक्षरावर एक बोट, मोठ्यानं, अन् पाहता पाहता गाव जमलं.

"खड्डा, आहे. कचरा, नाही. शेरा. लोक उदासीन व मा-ग-स-ले-ले. शाळेची निकड दिसत नाही."

भैयाजी म्हणाला, "अजून एक डाव वाच." तिनं वाचलं. आमच्या गावात कोणी वाचलेली ती पयली गोष्ट. आयाबायायनं कडेवरचे लेकरं खाली ठेवून आयकली.

"आई," वच्छलानं इचारलं, "कचरा नाई हे वाईट काऊन?"

मले साऱ्यायचं उत्तर येते. वाघाचं येते, भुताचं येते. पण तवा मी म्हणली, "हे साहेबालेच इचार."

पोट्टीनं कागद उलटा केला. मांगून कोरा होता. पेन्सिलीचा तुकडा एवढासा उरला होता, नखाएवढा. जीभ बाहेर काढून तिनं लिवलं, अन् मंग साऱ्यायले वाचून दाखवलं: 'साहेब, तुमचा कागद वाचला. मागची बाजू कोरी होती ती वाया जाऊ दिली नाही. आता वाचता येते म्हणून शाळा पाहिजे. वच्छला, मोहटोला.'

गुणवंतरावानं तो कागद खिशात घातला. 'साहेबाच्या हातात देतो' म्हणाला, अन् देल्ला असंल, तो तसा होता. उत्तर आलं नाई. मी दर बांबूच्या ट्रकले इचारे. भरून जात, रिकामे येत.

शाळा आली ती अठरा वर्सांनी. तो खड्डा बुजवून तिथीच बांधली, अन् भवताल झेंडू होता, जत्रेतल्या बियाचा, मंगलीनं लावलेला. वच्छला आपल्या कमळाले घेऊन गेली नाव घालाले. मी संग होती. मास्तर नवा, टेबल नवं, रजिस्टर नवं कोरं. इचारे अन् लिवे.

"आईचं नाव?"

"वच्छला."

"शिक्षण?"

"कागदाच्या मांगच्या बाजूवर जेवढं मावलं तेवढं."

"शाळेचा दाखला आहे का?"

"शाळाच नव्हती तं दाखला कुठून आणू, मास्तर?"

मास्तरानं मान हलवली अन् रकान्यात एक शब्द लिवला. टेबलाच्या पल्याडून, त्याच्या समोरून, वच्छलाले तो उलटा दिसत होता.

"निरक्षर," तिनं वाचलं.